धातुसाधित

डुक्कर फियाटचं पुढचं दार उलटं उघडतं. बिजागऱ्या मधल्या खांबाला, कडी पुढे. बसणारा आधी पाठ आत घालतो आणि मग पाय ओढून घेतो, बाजेवर बसावं तसा. २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ते दार सत्तावीस वर्षांनी उघडलं. आतून कोंबडी बाहेर पडली. मागच्या सीटवर तिची पाच अंडी होती.

गाडी डॉक्टरकाकांची, १९६२ची. गोल पाठ, फुगीर गाल, पुढे आलेलं नाक, म्हणून या फियाटला लोक डुक्कर म्हणतात. काकांसमोर मात्र कुणी म्हणत नसे. साक्रीहून पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर अशा व्हिजिटा त्यांनी हिच्यातूनच केल्या. मध्यरात्री तिचं घरघरणं ऐकू आलं की गल्ली ओळखायची, कुठेतरी बाळंतपण अडलंय. १९९६ साली डोळे अधू झाले तेव्हा काकांनी गाडी गोठ्यात लावली, वर गोधडी टाकली आणि पुन्हा विषय काढला नाही. काका गेले. चुलतभाऊ पुण्याचा झाला. गोठ्यात गुरं उरली नव्हती, फक्त फियाट होती, आणि भंगारवाला ती किलोच्या भावाने न्यायला तयार होता.

“मी बघतो,” असं मी म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. मी शाळेत मराठी शिकवतो. तोवर माझ्या हातून स्कूटरचा प्लगसुद्धा निघाला नव्हता.

काकूंनी मला आपादमस्तक पाहिलं. “बघ. पण आखाजीपर्यंत. आखाजीला ताई माहेरी येईल, तेव्हा एक तर गाडी चालू पाहिजे, नाही तर गोठा मोकळा पाहिजे.”

खानदेशात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, वायदा मोडता येत नाही.

माझी कल्पना अशी होती की नवी बॅटरी बसवायची, टाकीत ताजं पेट्रोल ओतायचं, चावी फिरवायची. बॅटरी आणलीही होती. तेवढ्यात मिस्त्री नाना आले. नाना म्हणजे पूर्वी भाडण्याच्या पांझरा-कान साखर कारखान्यातले फिटर. कारखाना बंद पडल्यापासून ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, जे दारात येईल ते दुरुस्त करतात. त्यांनी माझा हात धरला.

“हात नका लावू मास्तर. झोपेल नही ती, जाम व्हयेल शे.”

बॉनेटखाली टॉर्च मारून, तेलाची कांडी ओढून, तिचा वास घेऊन नानांनी निदान सांगितलं, “गाडी भू चालेल शे.”

फोनच्या व्हिडिओवरून पुण्याचा चुलतभाऊ हे ऐकत होता. त्याने टाळीच वाजवली. “चालेल म्हणतायत ना? मग प्रश्न मिटला!”

प्रश्न मिटला नव्हता, व्याकरणाचा घोटाळा झाला होता. पुस्तकी मराठीत ‘चालेल’ हा भविष्यकाळ. अहिराणीत ते भूतकाळाचं धातुसाधित: चाललेली, वापरून झिजलेली. ‘मरेल’ म्हणजे मरणारा नव्हे, मेलेला. तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांतले हे ‘-एल’ लाल शाईने खोडत आलोय. नाना म्हणत होते ते एवढंच, की गाडी भरपूर चालून झिजली आहे. ती पुन्हा चालेल की नाही, यावर त्यांनी अजून एक अक्षरही काढलेलं नव्हतं.

प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस वाट पाहिली. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मी पुलीच्या नटाला मोठा पाना लावून हलका जोर द्यायचो. जोर किती द्यायचा हेही नानांनी ठरवून दिलं होतं: “गायीनं दूध काढतस तितला.” नवव्या दिवशी पुली बोटभर सरकली. मी ओरडलो. काकू धावत आल्या. बोटभर सरकलेली पुली पाहून त्या काही न बोलता परत गेल्या.

आता दोन रस्ते होते. पहिला सोपा, आणि गावातल्या चार जाणकारांनी चहा पिता पिता सुचवलेला: “पेट्रोलचं इंजिन काढून टाका, मॅटेडोरचं डिझेल बसवा.” खानदेशात कितीतरी जुन्या जीप आणि अँबेसिडर अशाच डिझेलच्या झाल्या. दुसरा रस्ता म्हणजे ‘फुल काम’. गॅरेजच्या पाट्यांवर याला ‘ओव्हरऑइल’ लिहितात. मी आयुष्यभर तो शब्द ओव्हरहॉलचा अपभ्रंश म्हणून हसण्यावारी नेला होता. पुढच्या सहा महिन्यांत कोपरापर्यंत तेलात बुडालो आणि अपभ्रंशच जास्त अचूक वाटायला लागला.

डिझेलचा रस्ता सोडायला एक नियमही कारणीभूत ठरला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची सोय केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केली. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि एकदा तशी नोंदली की रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. व्हिंटेज नोंदणी करायची की जुनाच नंबर पुढे न्यायचा, हे अजून ठरायचं होतं. पण गाडीचं काळीज बदलल्यावर ती काकांची कशी राहणार, हे मला कळत होतं. नानांनाही कळत होतं. ते फक्त म्हणाले, “सामान तुम्ही आनशात?” मी हो म्हणालो. सामान आणणं म्हणजे काय, याची मला कल्पना नव्हती.

अंगणातल्या निंबाच्या फांदीला चेन-कप्पी बांधून इंजिन वर उचललं तेव्हा गल्लीतली निम्मी पोरं भिंतीवर बसली होती. खाली जुन्या टायरवर ते ठेवलं. आकार पाहून माझा अपेक्षाभंग झाला: एवढंसं? एवढ्याशाने कोंडाईबारीचा घाट चढवला?

माझ्याकडे काम आलं कारकुनाचं. निघेल ती वस्तू डब्यात टाकायची, डब्यावर चिठ्ठी लावायची, वहीत लिहायचं. हे मला जमत होतं. नाना गोटी पाना मागायचे आणि मी रिंग पाना द्यायचो, डिसमिस मागितला की पक्कड द्यायचो, पण वही मात्र माझी सुबक होती. बुटाच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून आठ पुश रॉड क्रमाने उभे केले. ज्या रॉडने ज्या जागी झीज सोसली, त्याने त्याच जागी परत जायचं.

हेड निघता निघेना. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि दोन्हींच्या मधून आपल्या बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं फिरलेलं. दोन वेगळ्या धातूंमध्ये पाणी साचून राहिलं की झिजतो तो जास्त क्रियाशील धातू, इथे अ‍ॅल्युमिनियम. नाना लाकडी ठोकळा धरून चहूबाजूंनी हलके ठोके देत राहिले. मी म्हटलं, “एकदाच जोरात मारू का?” “घाई नही करानी,” ते म्हणाले. अ‍ॅल्युमिनियम वाकडं झालं की वाकडंच राहतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एकदाचं सुटलं. पाण्याच्या वाटा चुन्याने बुजल्या होत्या. मातीच्या माठाच्या बुडाशी बसतो तसाच पांढरा थर, फक्त बोटभर जाड. काही ठिकाणी हेडची कडच पाण्याने खाल्ली होती.

पहिल्यांदा सिलिंडर आतून पाहिला. बोट फिरवलं तर वरच्या बाजूला नखाला अडेल अशी पायरी लागली. पिस्टनची सगळ्यात वरची रिंग जिथून परत फिरते, तिथवर भिंत झिजली होती. त्याच्या वर रिंग कधी पोचलीच नाही, म्हणून तिथला धातू मूळच्या मापात उरला होता. १९६२पासूनच्या सगळ्या मध्यरात्री त्या पायरीत जमा होत्या.

त्या रात्री वहीत मी एक गणित केलं. पुस्तकात या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर दिला होता. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं, उंचीने गुणलं, चाराने गुणलं. उत्तर आलं १०८९ घनसेंटिमीटर. बरोबर तेवढंच पुस्तकात छापलं होतं. आठवीत गणितात नापास होता होता वाचलेल्या माणसाला आपण इंजिन समजलो असं वाटायला तेवढं पुरलं. इटलीत या गाडीला ‘मिलेचेंतो’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘अकराशे’. अकराशेला अकरा कमी, पण नावात कोण मोजतं!

समजल्याचा हा आनंद फार टिकला नाही.

ब्लॉक आणि क्रँक टेम्पोत घालून मी धुळ्याच्या मशीन शॉपला गेलो. साक्रीहून धुळं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथल्या कारागिराने बोअर गेज आत फिरवलं: वर जास्त, खाली कमी, आणि आडवं-उभं माप वेगळं. म्हणजे सिलिंडर गोल राहिले नव्हते, अंडाकृती झाले होते. कोंबडीने हेरून जागा निवडली होती म्हणायची. त्याने विचारलं, “किती मारू?” मी फुशारकीत म्हटलं, “पॉइंट चाळीस.” म्हणजे व्यास ०.४० मिलिमीटरने वाढवायचा. मी आदल्या रात्री गणित करून ठेवलं होतं: ६८.४ केलं तर इंजिन ११०२ घनसेंटिमीटरचं होतं. अकराशे, खरोखरची! मला त्या आकड्याची भुरळ पडली.

परत आल्यावर नानांनी एकच प्रश्न विचारला. “पिस्टन कथा शे?”

पिस्टन नव्हते. आधी पिस्टन हातात यायचे असतात, मग त्यांच्या मापाने बोअर. शिंपी कापड कापण्याआधी माणूस बघतो, तसं. मी माणूस न बघताच अंगरखा शिवून ठेवला होता. आता पॉइंट चाळीसचे चार पिस्टन शोधणं आलं.

तिथून माझी वणवण सुरू झाली. धुळ्याच्या दुकानांत मी यादी घेऊन गेलो. यादी मी अर्थातच शुद्ध मराठीत केली होती. काउंटरवरच्या तरुणाने ती वाचली आणि विचारलं, “झडप-मार्गदर्शिका म्हणजे?” मी हाताने खूण करून दाखवलं. “गाइड म्हणा ना सर!” मग हसून म्हणाला, “दहावीचं की व्हॉल्व्हचं?” ‘गाइड’ या शब्दाशी माझं तीस वर्षांचं वैर. आता पाया पडून तेच मागायची वेळ आली होती. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या खिळीला सगळे ‘गजन पिन’ म्हणायचे. मी त्याची व्युत्पत्ती ‘गज’, म्हणजे लोखंडी सळई, अशी लावून वहीत लिहून टाकली. नंतर कळलं, मूळ इंग्रजी शब्द गजन हाच आहे. वहीतली ती ओळ मी खोडली नाही. आपण काय समजत होतो याचीही नोंद हवी.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गेलो. तिथे फियाटचा स्पीडोमीटर मिळाला, मागचा दिवा मिळाला, एकदा तर काकांच्या गाडीसारखं अख्खं स्टिअरिंग मिळालं. पिस्टन नाही. एका दुकानातून बेअरिंगचा एक सेट आणला. डब्यावर माप बरोबर छापलेलं, आत चार वाट्या एका मापाच्या आणि चार दुसऱ्या. तोही धडाच: डबा वाचायचा नसतो, वस्तू मोजायची असते.

डिसेंबरात मुंबई गाठली. फियाटचं सामान शोधणारा माणूस शेवटी कुर्ल्याला पोचतोच, कारण ही गाडी कुर्ल्याचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी डॉज-प्लिमथ जोडल्या, मग फियाटशी करार केला, आणि १९५४पासून कुर्ल्यात अकराशे बनू लागली. नावं बदलत गेली, १९७४ला ‘पद्मिनी’ झाली, पण पोटात तेच १०८९चं घराणं. म्हणूनच माझ्या १९६२च्या गाडीला पद्मिनीचं बरंचसं सामान लागू पडतं. आणि पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. टॅक्सी होती तोवर रिंगा, गॅस्केट, वॉटर पंप कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत.

मी पोचलो तो नेमका सुतकाच्या दिवसांत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. वर्तमानपत्रांत लोकांनी हळहळून लिहिलं, फोटो काढले. सीएसटी रोडवरच्या भंगाराच्या दुकानांत मात्र हळहळ नव्हती, हिशेब होता. एक चाचा म्हणाले, “पहले हम सामान बेचते थे साहब, अब निकाल के रखते हैं.” गिऱ्हाईक बदललं होतं. टॅक्सीवाला तासाभरात माल घेऊन निघून जायचा. आता येणारे माझ्यासारखे, दिवसभर एक बूच हातात धरून बसणारे.

चाचांनी माझी यादी घेतली नाही. म्हणाले, जुना पिस्टन दाखवा. मी पिशवीतून काढला. त्यांनी तो कानाशी नेऊन नखाने टिचकी मारली, पिनचं भोक मोजलं, आणि माळ्यावर चढले. तासाभराने धुळीने माखलेलं खोकं घेऊन उतरले. चार पिस्टन, पिना, रिंगा, मेणकागदात गुंडाळलेल्या. मी माप वाचलं. पॉइंट साठ.

“चाळीस?”

“चाळीस तो कब के गये.”

म्हणजे ब्लॉक परत धुळ्याला, परत मशीनवर, परत पैसे, आणि सिलिंडरच्या भिंतीतून आणखी थोडा धातू कायमचा वजा. पुन्हा कधी बोअर करायची वेळ आली तर बिचारीला आतून स्लीव्ह मारावी लागणार, ते माझ्या हौशीमुळे. परतीच्या प्रवासात खोकं मांडीवर घेऊन मी गणित केलं: ६८.६ला ११०९. अकराशेपेक्षा नऊ जास्त.

कारागिराने दुसऱ्यांदा बोअरिंग केलं आणि मला एक अक्षरही ऐकवलं नाही. मात्र यावेळी चारही पिस्टन त्याने ओळीने मांडायला लावले, प्रत्येक मोजला, आणि ज्या पिस्टनसाठी जो सिलिंडर केला त्यावर त्याचा आकडा ठोकला. क्रँकच्या जर्नलही घासायच्या होत्या. “दहा थाऊ,” तो म्हणाला. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर, तीन-चार केसांची जाडी. चौतीस वर्षांचं फिरणं मिटवायला तीन-चार केस पुरतात.

मशीन चालू असताना दोन-तीन तास काढायचे होते. मी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. माणूस जुन्या कागदांसाठी गावोगाव पायी फिरला, अडगळीतली दप्तरं, बुरशी लागलेली बाडं धुंडाळत राहिला. पुढे त्यांनी मराठीचा धातुकोश रचला. विद्यार्थिदशेत मी तो भक्तिभावाने चाळला होता. आजवर माझ्या लेखी धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ: कर, जा, चाल. त्या दुपारी पँटीला ग्रीस, नखांत काजळी, कानात ग्राइंडरची शीळ अशा अवस्थेत तिथे बसलो होतो आणि पहिल्यांदा वाटलं की हा शब्द मी अर्धाच शिकवत आलोय. नुसता धातू चालत नाही. त्याला प्रत्यय लागावा लागतो, आणि प्रत्यय लावताना मूळ थोडं घासलं जातंच.

जोडणी फेब्रुवारीत सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. स्वच्छतेच्या उत्साहात क्रँकच्या बेअरिंगच्या सगळ्या टोप्या एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये धुवायला टाकल्या. नाना आले, घमेलं पाहिलं आणि खालीच बसले. प्रत्येक टोपी तिच्या जागेवर बसवून, मग एकत्र बोअर केलेली असते. टोप्यांची अदलाबदल झाली तर क्रँक फिरत नाही, फिरलीच तर जळते. माझी सुबक वही इथे कामाला आली नाही, कारण टोप्यांवर चिठ्ठी चिकटवायचं मला सुचलंच नव्हतं. नानांनी चष्मा पुसला आणि एकेक टोपी उन्हात धरली. कारखान्यात कुणीतरी कधी काळी त्यांच्या कडेला बारीक आकडे ठोकले होते. त्या अनोळखी कुर्लेकराला मी मनोमन हात जोडले.

यानंतर नानांनी मला कारकुनीतून काढून मोजणीला लावलं. फिलर गेजची पानं हातात दिली. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टनने आडवी न होऊ देता खाली ढकलायची, आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजायची. मला वाटायचं, फट जितकी कमी तितकं काम चांगलं. नाना म्हणाले, फट नसेल तर रिंग तापून वाढल्यावर टोकं एकमेकांना भिडतील, रिंग तुटेल आणि भिंत चरेल. फट जास्त झाली तर तेल जळेल, धूर येईल. मग पाहतो तर सगळं इंजिन म्हणजे अशा फटींचाच संसार: रिंगेची फट, बेअरिंग आणि क्रँकमधली तेलाची फट, रॉकर आणि व्हॉल्व्हमधली टॅपेटची फट, प्लगची फट, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट. जोडणं म्हणजे घट्ट आवळणं, हा माझा समज एकेक पान सरकवताना सुटत गेला.

व्हॉल्व्ह घासायला मला पंधरा दिवस लागले. व्हॉल्व्हच्या तळाला रबरी चूषक लावायचा, कडेला पेस्ट, आणि रवी घुसळावी तशी काडी दोन्ही तळहातांत फिरवायची. मग उलट्या हेडमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी रॉकेल झिरपलेलं दिसलं की पुन्हा घुसळण. काकू पडवीतून म्हणाल्या, “एवढं ताक घुसळलं असतंस तर लोणी तरी निघालं असतं.” आठव्या व्हॉल्व्हला रॉकेल जागच्या जागी राहिलं तेव्हा मी त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि पदराने हेडची कड पुसली. एवढंच.

हेडची खाल्लेली कड आर्गन वेल्डिंगने भरून, फेस मारून आली होती. नवं गॅस्केट ठेवलं, नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळले. पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्याही बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. काकांच्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. २००० साली ते देशभर बंद झालं. गाडी गोठ्यात झोपली असताना बाहेर तिचं खाणंच बदलून गेलं होतं.

एप्रिलच्या शेवटी चावी फिरवायचा दिवस आला. आधी प्लग काढून नुसतं फिरवलं, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. डिस्ट्रिब्यूटर मी बसवला होता, एकट्याने: एक नंबरचा पिस्टन वर आणला, रोटर एक नंबरच्या वायरकडे केला, वायरी १-३-४-२ क्रमाने लावल्या. चावी फिरवली.

कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला की निंबावरचे कावळे उडाले आणि शेजारचे आप्पा धोतर सावरत बाहेर आले. पुन्हा फिरवलं, पुन्हा बार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या दृष्टीने गाडी चालू झाली होती.

नाना हसले नाहीत. “पिस्टन वर उना, पन कोनता येळे?” पिस्टन दोनदा वर येतो. एकदा वायू दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. मी धुराच्या वेळी वर आलेला पिस्टन खरा मानला होता. वर्गात मी पोरांना नेहमी सांगतो, रूप एकच असलं तरी काळ संदर्भावरून ठरवा. डिस्ट्रिब्यूटर काढला, क्रँकचा एक पूर्ण फेरा दिला, भोकावर अंगठा ठेवून दाब येतोय याची खात्री केली, परत बसवला.

तिसऱ्या आचक्याला इंजिन धरलं. आधी दोन सिलिंडर, मग तीन, मग चारही. गोठ्याभर निळा धूर पसरला, विरत गेला. काकू पडवीत उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन गोधडी आणली, गाडीवरची तीच जुनी, आणि मागच्या सीटवर अंथरली, कारण सीट अजून शिवून यायची होती.

१० मे २०२४ला आखाजी होती. ताई आदल्या संध्याकाळी आल्या. गल्लीत झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. कागदपत्रं व्हायची होती, म्हणून गाडी अंगणातून गोठ्यापर्यंत आणि परत एवढीच चालवली. ताई उलट्या दारातून पाठ आत घालून, पाय ओढून बसल्या. साठीच्या बाईला ती सवय अंगात होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. इंजिन चालू असताना डोळे मिटून फक्त ऐकत राहिल्या, आणि बंद केल्यावर म्हणाल्या, “आवाज थोडा वेगळा आहे रे.” आहेच. पूर्वी ती १०८९ची होती.

कागदांचं सगळं मार्गी लागल्यावर मी ती जपून चालवायला लागलो. नवं इंजिन ताणायचं नाही. भाडणे, दहिवेल, एकदा लांब कोंडाईबारीच्या पायथ्यापर्यंत, पण घाट नाही. पाचशे किलोमीटर झाल्यावर हेड पुन्हा आवळायचं आणि टॅपेट पुन्हा लावायचे होते. नाना म्हणाले, “तुम्हीच करा.”

गार इंजिनावर, पहाटे, मी एकट्याने केलं. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एक नंबरचे लावायचे. तीनचे डुलले की दोनचे, एकचे डुलले की चारचे. पान फटीत सरकलं पाहिजे, पण सैल नको. लोण्यातून सुरी ओढल्यासारखं लागलं पाहिजे. आठही लावले. मग खात्री वाटेना म्हणून आठही पुन्हा तपासले.

नाना आले तेव्हा ऊन निंबाच्या शेंड्यावर होतं. त्यांनी माझ्या हातातून गेज घेतलं, एक नंबरपासून आठपर्यंत पान सरकवून पाहिलं. पाचव्याला थांबले, पुन्हा सरकवलं. मग गेज मिटून माझ्या खिशात ठेवलं आणि झाकणाकडे बोट दाखवलं, म्हणजे बसवा.

“चालेल,” ते म्हणाले.

पुस्तकी मराठीत म्हणाले की अहिराणीत, ते मी विचारलं नाही.